खुशाली कळवावी

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘भिलाईतल्या मराठी माणसांचा इतिहास’ लिहा, असे मंडळाच्या चिटणीसांनी सांगितले. मी भिडेपोटी हो म्हटले आणि पंचाईत करून घेतली. कारखान्याचा इतिहास छापलेला आहे. १९५५ चा भारत-सोव्हिएत करार, ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झालेली पहिली ब्लास्ट फर्नेस, हे आपल्या मुलांनाही पाठ आहे. पण नागपूर, अमरावती, सातारा, कोल्हापूरकडून एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन जी माणसे इथे उतरली, त्यांचा इतिहास कोणत्या पुस्तकात शोधायचा? माझ्या मते तो इथे नाहीच. तो गावाकडच्या घरांत, भिंतीवरच्या तारेत ओवलेल्या पत्रांत आहे. इथे कोण जन्मले, कोणाची मुंज झाली, कोणाला क्वार्टर मिळाले, हे सगळे आपण तिकडे कळवत होतो. म्हणून हा लेख त्या कळवण्याचा.

आपण इथले पहिले मराठी नव्हेत, हेही सांगून टाकतो. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले अठराव्या शतकात रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते. त्यांच्याबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज आजही रायपूर-बिलासपूरकडे भेटतात. त्या काळी पत्र न्यायचे ते जासूद आणि सांडणीस्वार, आणि तेही सरकारचे. साध्या माणसाची खुशाली कोणी यात्रेकरू नाहीतर व्यापारी निघाला तर जायची. पेशव्यांची कथाही फार वेगळी नव्हती. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मुलगा आणि चुलतभाऊ पडले, ही बातमी नानासाहेबांना वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्रातून कळली, तीही लढाईनंतर सुमारे दहा दिवसांनी. त्यात माणसे मोती आणि मोहरांच्या हिशेबात लिहिलेली होती. घरातला मृत्यू व्यापाऱ्याच्या कागदातून कळावा, याहून परमुलूख तो कोणता?

साध्या माणसाला टपाल मिळाले ते १८५४ साली. अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा, असा सगळ्या देशाला एक दर झाला. १ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आले, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी मनीऑर्डर. १८९१ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वेचा मार्ग नागपूरपासून आसनसोलपर्यंत पुरा झाला, आणि आजही आपण ज्या रुळांवरून गावी जातो त्यांवरून टपालाच्या थैल्या धावू लागल्या. पोटासाठी मुलूख सोडणे त्यामुळे सोपे झाले असे नाही, पण मागे राहिलेल्यांना ते सोसण्यासारखे झाले.

या एका पैशाच्या कार्डावर आपल्या लोकांनी एक अख्खे शास्त्र उभे केले. जागा बोटभर, म्हणून मायना आखडला. ‘ती. स्व. अण्णांस कृ. सा. न. वि. वि.’ एवढ्यात तीर्थस्वरूप, कृतानेक, साष्टांग नमस्कार, विनंती आणि विशेष हे सगळे बसले. धाकट्यांना ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. वर ‘श्री’. मजकूर संपला की कडेच्या समासात उभ्या ओळी, आणि त्यांत बहुधा बायकांचे निरोप: लोणचे पोचले का, बाळाला दात आले का, वन्संचे दिवस कसे आहेत. घरची खरी बातमी समासात असते, हे मी फार उशिरा शिकलो.

नावामागची अक्षरे तर एकेकीचा जीवनवृत्तांतच सांगायची. कु. ची चि. सौ. कां. व्हायची ती लग्नपत्रिकेपुरती, मग सौ. आणि नशीब फिरले तर गं. भा. माझ्या एका मावशीच्या नावामागचे सौ. जाऊन गं. भा. आले, ते मी शाळकरी वयात एका कार्डाच्या शेवटच्या ओळीत वाचले. त्यावर कोणी काही लिहिले नव्हते. लिहायची गरज नव्हती, एवढे दोन अक्षरांचे काम चोख होते. ही पद्धत गेली याचे मला जराही वाईट वाटत नाही.

शुभवार्तेच्या कार्डाला कोपऱ्यांवर कुंकवाची बोटे. मुंजीच्या आणि लग्नाच्या पत्रिका बुक-पोस्टाने, पाकिटाची जीभ न चिकटवता नुसती आत खोचून, कारण तसे स्वस्त पडे. आत हळदीकुंकू लावलेल्या चार अक्षता. अशुभाच्या कार्डावर ‘श्री’ नसे, कोपरा कापलेला असे. ते घरात न्यायचे नाही, दारातच वाचून फाडून टाकायचे. याचा परिणाम असा, की जुन्या घरांतली जपून ठेवलेली पत्रे वाचायला घ्यावीत तर त्यांत बारसी, मुंजी आणि लग्ने तेवढी सापडतात. त्या घरांत कधी कोणी मेलेच नाही असे वाटावे! घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

आमच्याकडे मात्र एक कार्ड फाडायचे राहिले आहे.

वडील १९५८ साली इथे आले. आजी साताऱ्याकडच्या आमच्या खेड्यात काकांजवळ. १९६९ च्या पावसाळ्यात ती आजारी पडली. खेड्यात तारघर नव्हते, आणि तार आली म्हणजे कोणी गेले अशीच सगळ्यांची समजूत. भाऊ उगाच घाबरेल म्हणून काकांनी तालुक्याला न जाता कार्ड टाकले: आई तुझी आठवण काढते, सवड काढून येऊन जा. पत्ता नेहमीसारखा, वडिलांचे नाव आणि खाली ‘भिलाई’. ना सेक्टर, ना स्ट्रीट, ना मध्य प्रदेश. काकांचे अक्षर मोडी वळणाचे, तेव्हा त्यांचा ‘ई’ कोणाला ‘ड’ वाटला तर त्यात नवल नाही. कार्ड गेले भिलाडला, गुजरातेत, वापीजवळ. इकडे आजीने डोळे मिटले, आणि ती बातमी शाळामास्तरांनी तालुक्याहून इंग्रजीत, पुरा पत्ता घालून, तारेने कळवली. ती दुसऱ्या दिवशी पोचली. तारवाल्याची सायकल गल्लीत शिरली की बायका ओट्यावर येऊन उभ्या राहत, तशा त्या दिवशीही राहिल्या. वडील दुर्गहून मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा अस्थीसुद्धा गोळा झाल्या होत्या. आणि ते तिकडे असतानाच, पाठीवर भिलाडचा शिक्का घेऊन, काकांचे कार्ड आमच्या दारात येऊन पडले. मरणाची बातमी आधी आली, आणि जिवंतपणीचे बोलावणे मागून.

आईने ते कार्ड पिठाच्या डब्यामागे ठेवले. वर्षश्राद्ध झाल्यावर वडिलांना दाखवले. तिने बरे केले की वाईट, हे मला अजून ठरवता आलेले नाही. वडिलांनी ते दोनदा वाचले आणि फाडले नाही. ते मृत्यूचे कार्ड नव्हते ना! तांत्रिकदृष्ट्या त्यात आजी जिवंत होती.

बातमी उशिरा कळण्याचा हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनाही पडला होता, हे मला पुढे कळले. १७९० साली पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेल्या धर्मसिंधूत त्याचा विचार आहे. सुतक संपायच्या आत कळले तर उरलेले दिवस पाळावेत. दहा दिवस उलटून गेल्यावर, पण तीन महिन्यांच्या आत कळले तर तीन दिवस. जितका उशीर तितके सुतक कमी. आई-वडिलांच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. वर्षाने कळले तरी मुलाला कळल्या दिवसापासून पुरते दहा दिवस. आणि ‘देशांतर’ म्हणजे काय, याची व्याख्या आपल्याला जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. मध्ये महानदी असेल, डोंगर असेल किंवा बोलीभाषा बदलत असेल, तर ते देशांतर. त्या हिशेबाने आपण सगळे देशांतरातच राहतो. टपालाचे थैले किती दिवसांत पोचतात हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी दूर गेलेल्या मुलाची सोय करून ठेवली होती, याचे मला राहून राहून कौतुक वाटते.

वडिलांनी आपली सोय निराळी केली. पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणला आणि रविवारभर बसून प्रत्येकावर आपला पत्ता लिहिला, देवनागरीत आणि खाली रोमनमध्ये. काका, दोन आत्या, मामा, प्रत्येकाकडे दहा-दहा कार्डे रवाना. बरोबर एकच ओळ: मजकूर तुमचा, पत्ता माझा.

पुढे १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला, तेव्हा आमच्या घरी सण असल्यासारखे वातावरण होते. देशात एकाच नावाची अनेक गावे, लिप्या आणि हस्ताक्षरे नाना तऱ्हेची, त्यावर सहा आकड्यांचा हा उपाय. तो सुचवून मार्गी लावला तो पोस्ट आणि तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. कोकणातला माणूस आणि संस्कृतचा नामवंत कवी. आकड्यांच्या त्या रचनेत मला तरी छंदशास्त्राची शिस्त दिसते. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने जिल्हा, उरलेल्या तिघांनी नेमके टपालघर. तेव्हाच्या वाटणीत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र एकाच विभागात आले, म्हणून छत्तीसगड २००० साली वेगळे होऊनही आपला भिलाईचा आणि गावाकडचा पहिला आकडा एकच आहे: ४. वडील हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

कार्डांखेरीज दुसरे कागद होते, त्यांतला मला सर्वांत प्रिय मनीऑर्डरचे कूपन. भाऊबीजेला बहिणीकडे जाणे जमायचे नाही, तेव्हा अकरा किंवा एकवीस रुपयांची मनीऑर्डर. फॉर्मच्या खाली निरोपाला चिंचोळी जागा असे. रुपये खर्चून जात, कूपन बहिणीकडे राही. १९५० मध्ये आंतरदेशीय पत्र आले आणि पहिल्यांदाच बायकांना समासाबाहेर, बंद घडीत, मनातले लिहिता आले. लग्नाच्या शुभेच्छांच्या तारांना ठराविक वाक्ये आणि त्यांचे क्रमांक असत. क्रमांक चुकला की नवरदेवाला परीक्षा पास झाल्याचे अभिनंदन यायचे, असा विनोद त्या वेळी घरोघर चाले.

मग फोन. कानपूर-लखनौ दरम्यान थेट डायल करण्याची सोय नोव्हेंबर १९६० मध्ये झाली असली तरी आपल्यासारख्यांच्या हाती एस.टी.डी. आला तो पिवळ्या पाट्यांच्या बूथवर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून आपली सगळी बारसी आणि साखरपुडे रात्री अकरानंतर जाहीर झाले. काचेआड ओरडून ‘मुलगी झाली’ म्हणताना बाहेरची रांगही टाळ्या वाजवी. २००३ पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले आणि ती रांग मोडली. १४ जुलै २०१३ च्या रात्री शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या. तारघरांतून त्या दिवशी हौसेने गर्दी झाली होती. मी गेलो नाही.

आता नातीच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ साताऱ्याला दहा सेकंदांत पोचतो. मायना नाही, आशीर्वाद अंगठ्याने. यावर नाक मुरडणारे माझ्या वयाचे पुष्कळ आहेत, मी त्यांत नाही. १९६९ मध्ये काकांच्या खिशात असा फोन असता तर वडिलांना आईचे तोंड पाहायला मिळाले असते. एवढा एक हिशेब मांडला की जुन्या पत्रांचा गोडवा बराच उतरतो. तक्रार असेल तर एवढीच, की मागच्या वर्षी सुनेचा फोन बादलीत पडला आणि त्याबरोबर बारशाचे सगळे फोटो गेले. पिठाच्या डब्यामागे ठेवण्यासारखे काही उरले नाही.

धाकटी आत्या वाईला असे. ती गेल्यावर तिची ट्रंक उघडली तेव्हा मी तिथे होतो. लुगड्यांच्या घडीखाली वडिलांनी पाठवलेली कार्डे निघाली. दहापैकी सात कोरी. दर वाढत गेले तशी तिने वरून जादा तिकिटे चिकटवलेली होती. पत्ता वडिलांच्या अक्षरात, आणि त्याखाली प्रत्येक कार्डावर, वेगळ्या शाईत, तिच्या थरथरत्या हाताने लिहिलेला आमचा पिनकोड.