वार्षिक सर्वसाधारण सभेचे आयोजन

वार्षिक सर्वसाधारण सभा ही कंपनीच्या भागधारकांची दरवर्षी भरणारी व कायद्याने बंधनकारक असलेली सभा होय. नव्या उत्पादनाचे अनावरण, विक्रेत्यांचा मेळावा किंवा कर्मचाऱ्यांचे स्नेहसंमेलन या कंपनीच्या इतर कार्यक्रमांप्रमाणेच या सभेलाही सभागृह, निमंत्रण, स्वागतकक्ष, ध्वनिव्यवस्था आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. फरक असा की, तिची मुदत, वेळ, जागा, निमंत्रणाचा अवधी आणि किमान उपस्थिती या गोष्टी कंपनी कायदा, २०१३ ने ठरवून दिलेल्या आहेत. स्नेहसंमेलनाचे निमंत्रण एक दिवस उशिरा पोहोचले तर फार तर नाराजी ओढवते. येथे मात्र संमत झालेल्या ठरावांच्या वैधतेलाच आव्हान मिळू शकते. त्यामुळे ही सभा व्यासपीठावर जितकी घडते, त्याहून अधिक ती आधीच्या काही आठवड्यांत कंपनी सचिवाच्या कार्यालयात घडते. प्रस्तुत लेखात भारतातील, मुख्यतः शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांच्या सभेचे नियोजन व त्यासाठीची मनुष्यबळ-रचना यांचा विचार केला आहे.

कायदेशीर चौकट

कायद्याच्या कलम ९६ नुसार एकल व्यक्ती कंपनी वगळता प्रत्येक कंपनीला दरवर्षी ही सभा घ्यावी लागते. कंपनीची पहिली सभा पहिले आर्थिक वर्ष संपल्यापासून ९ महिन्यांच्या आत, तर त्यानंतरच्या सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांच्या आत व्हाव्या लागतात. दोन सभांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर असून चालत नाही. विशेष कारण असल्यास कंपनी निबंधक ३ महिन्यांपर्यंत मुदतवाढ देऊ शकतात. पहिल्या सभेला मात्र ही सवलत नाही. भारतीय कंपन्यांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने ३० सप्टेंबर ही सर्वसाधारणपणे अखेरची तारीख ठरते. बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांसाठी सेबीने ही मुदत ५ महिन्यांची, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंतची ठेवली आहे. सभा न घेतल्यास कंपनी व कसूर करणारे अधिकारी यांना १ लाख रुपयांपर्यंत आणि कसूर चालू राहिल्यास दररोज ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

वार्षिक हिशेब व त्यांवरील अहवालांचा विचार, लाभांशाची घोषणा, निवृत्त होणाऱ्या संचालकांच्या जागी नेमणूक आणि लेखापरीक्षकांची नेमणूक व मानधन हे चार विषय या सभेचे सामान्य कामकाज मानले जातात. त्यांखेरीज कोणताही विषय विशेष कामकाजात मोडतो आणि त्यासोबत स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडणे आवश्यक असते. आयत्या वेळचे विषय घेण्याची जी सवय अन्य संस्थांत दिसते, तिला येथे वाव नाही.

दिवसांचा हिशेब

सभेचे नियोजन सभेच्या तारखेपासून मागे मोजत केले जाते. कायद्याला सूचनेचे २१ पूर्ण दिवस अभिप्रेत आहेत. सूचना मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस असे दोन्ही दिवस या मोजणीत धरले जात नाहीत. समजा, सभा ३० ऑगस्टला आहे. मधले २१ दिवस ९ ते २९ ऑगस्ट असे होतात. म्हणून सूचना ८ ऑगस्टपर्यंत भागधारकाला पोहोचलेली असली पाहिजे. ती टपालाने पाठवली असल्यास पोहोचण्यासाठी आणखी दोन दिवस धरावे लागतात, म्हणजे पाकिटे ६ ऑगस्टपर्यंत टपालात पडली पाहिजेत. आता बहुतेक सूचना ई-मेलने जात असल्या, तरी अनुभवी सचिव हे दोन दिवस आणि वर आणखी काही दिवस हाताशी राखूनच तारीख ठरवतात, आणि ते योग्यही आहे. याहून कमी मुदतीत सभा घ्यायची झाल्यास मताधिकार असलेल्या किमान ९५ टक्के सदस्यांची संमती लागते. हजारो भागधारक असलेल्या कंपनीला ते व्यवहारात अशक्यच असते.

नोंदणीकृत कंपन्यांना, तसेच काही अपवाद वगळता १,००० किंवा अधिक सदस्य असलेल्या कंपन्यांना, दूरस्थ ई-मतदानाची सोय द्यावी लागते. हे मतदान किमान ३ दिवस खुले राहते आणि सभेच्या आदल्या दिवशी सायंकाळी ५ वाजता बंद होते. वरील उदाहरणात ते २७ ऑगस्टच्या सकाळी सुरू करून २९ ऑगस्टला सायंकाळी संपवता येईल. मताधिकार कोणाला, हे ज्या दिवसाच्या भागधारणेवरून ठरते तो दिवस सभेच्या आधी ७ दिवसांहून दूरचा असता कामा नये. म्हणजे येथे २३ ऑगस्ट किंवा त्यानंतरचा. सूचना निघाल्यानंतर पण त्या दिवसापूर्वी ज्याने शेअर घेतले, त्यालाही मत देता येते. त्यामुळे अशा नव्या भागधारकांना प्रवेश व मतदानाची माहिती कशी मिळेल, हे सूचनेतच लिहावे लागते. प्रॉक्सीचा अर्ज सभेच्या ४८ तास आधी कंपनीकडे पोहोचावा लागतो.

याच काळात वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते: एक इंग्रजी वृत्तपत्रात आणि एक नोंदणीकृत कार्यालयाच्या जिल्ह्यातील मुख्य भाषेतील वृत्तपत्रात. पावसाळ्याच्या महिन्यांत मुंबईतील ‘नवशक्ती’सारख्या मराठी दैनिकांची पाने कंपन्यांच्या सभासूचनांनी भरलेली दिसतात, त्याचे कारण हेच.

स्थळ

सभा राष्ट्रीय सुटी नसलेल्या दिवशी, सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत आणि नोंदणीकृत कार्यालयात किंवा ते कार्यालय ज्या शहरात वा गावात आहे तेथेच बोलवावी लागते. बाजारात नोंदणी नसलेल्या कंपनीला मात्र सर्व सदस्यांची आगाऊ संमती असल्यास भारतात अन्यत्रही ती घेता येते. या अटीमुळे ज्या शहरांत कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये एकवटली आहेत, तेथील मोजक्या सभागृहांना मोठी मागणी राहिली. मुंबईत न्यू मरीन लाइन्स येथील बिर्ला मातुश्री सभागार, नरिमन पॉइंटजवळचे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान आणि चर्चगेट येथील वालचंद हिराचंद सभागृह ही नावे भागधारकांना सभांच्या सूचनांमुळेच पाठ झाली. ऑगस्ट-सप्टेंबरात सभागृह मिळवणे हे नियोजनातील पहिले आणि अनेकदा सर्वांत अवघड काम असते. संचालकांच्या सोयीची तारीख त्यानंतर पाहिली जाते.

सभागृह किती मोठे हवे, याचे उत्तर भागधारकांच्या एकूण संख्येवरून मिळत नाही. लाखो भागधारकांच्या कंपनीतही प्रत्यक्ष येणारे काही शेकडा असू शकतात. म्हणून मागील वर्षांच्या उपस्थितीची नोंद हाच खरा आधार असतो. अंदाज अपुरा ठरल्याचे सर्वांत प्रसिद्ध भारतीय उदाहरण रिलायन्सचे आहे. १९७७ मध्ये या कंपनीने जनतेला शेअर विकले आणि लहान गुंतवणूकदारांची संख्या इतकी वाढली की, १९८० च्या दशकात तिची सभा मुंबईच्या कूपरेज फुटबॉल मैदानावर भरवावी लागली. भागधारकांची सभा मैदानात मांडव घालून भरते, हे दृश्य तोवर राजकीय सभांनाच ठाऊक होते.

मनुष्यबळ आणि जबाबदाऱ्या

सभेची संपूर्ण सूत्रे कंपनी सचिवाकडे असतात. कायद्याने नेमलेला हा अधिकारी सूचना काढतो, विषयपत्रिका व अध्यक्षांचे टिपण तयार करतो आणि सभेच्या दिवशी अध्यक्षांच्या शेजारी बसून प्रक्रियेवर लक्ष ठेवतो. त्याच्या कामाचा मोठा भाग नेमणुकांचा असतो: कोणते काम कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी करावे आणि कोणते बाहेरच्याने, हे ठरवणे.

काही कामे बाहेरच्याकडेच सोपवणे कायद्याला अभिप्रेत आहे. मतदानाच्या छाननीसाठी नेमली जाणारी व्यक्ती कंपनीच्या नोकरीत असता कामा नये. ती व्यवसायरत सनदी लेखापाल, परिव्यय लेखापाल, कंपनी सचिव, वकील किंवा अन्य प्रतिष्ठित व्यक्ती असावी लागते. हा छाननीकार आधी सभेत पडलेली मते मोजतो आणि त्यानंतर कंपनीच्या नोकरीत नसलेल्या किमान दोन साक्षीदारांसमोर ई-मतदान उघडतो. हे साक्षीदार कोण, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. निकालाच्या वेळी ते शोधत बसणे हा आयोजनातील दोषच म्हटला पाहिजे. ई-मतदानाची यंत्रणा नॅशनल सिक्युरिटीज डिपॉझिटरी किंवा सेंट्रल डिपॉझिटरी सर्व्हिसेस यांसारख्या संस्था पुरवतात, तर भागधारकांची यादी व ओळख पटवण्याचे काम भाग-हस्तांतरण निबंधकाची माणसे करतात.

नोंदणीकक्ष हा सभेचा कणा होय. डीमॅट खात्याचा क्रमांक किंवा जुन्या कागदी शेअरचा फोलिओ क्रमांक यांवरून सदस्याची खातरजमा, हजेरीपत्रावर सही, प्रॉक्सी व कंपन्यांचे अधिकृत प्रतिनिधी यांसाठी वेगळे टेबल, आणि ज्यांनी आधी ई-मतदान केले आहे त्यांची खूण, इतकी कामे तेथे काही मिनिटांत उरकावी लागतात. आधी मत दिलेल्या सदस्याला सभेस येता व बोलता येते, पण पुन्हा मत देता येत नाही. प्रॉक्सीला सभेत बोलण्याचा अधिकार नसतो आणि तो गणपूर्तीतही मोजला जात नाही. हे फरक टेबलावरील प्रत्येकाला माहीत नसतील तर प्रवेशद्वारावरच वाद उभा राहतो. त्यामुळे या टेबलांवर उत्साही नवख्यांपेक्षा मागील सभा पाहिलेली माणसे बसवणे श्रेयस्कर ठरते. येणाऱ्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे असते. चाकाची खुर्ची, प्रथमोपचार आणि जिन्याजवळ हात द्यायला उभा असलेला स्वयंसेवक यांची तरतूद करावी लागते.

सार्वजनिक कंपनीत सदस्यसंख्या १,००० पर्यंत असल्यास ५, ५,००० पर्यंत असल्यास १५ आणि त्याहून अधिक असल्यास ३० सदस्य प्रत्यक्ष हजर असले की गणपूर्ती होते. अर्ध्या तासात ती न झाल्यास सभा पुढील आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी व त्याच जागी भरते आणि तेव्हाही अर्ध्या तासात संख्या पुरी झाली नाही तर हजर असतील तितके सदस्य पुरेसे मानले जातात. कंपनी सचिवांच्या संस्थेने ठरवलेल्या सचिवीय मानक-२ नुसार गणपूर्ती संपूर्ण सभाभर टिकावी लागते, म्हणून सभागृहातील संख्येवर नजर ठेवणारी एक व्यक्ती नेमतात.

याच मानकाने सभेत किंवा सभेनिमित्त भेटवस्तू, भेटकूपने अथवा त्यांऐवजी रोख रक्कम देण्यास मनाई केली आहे. त्याआधी कंपनीच्या उत्पादनांची पिशवी मिळेल या आशेने सभांना गर्दी होत असे. चहा व अल्पोपाहाराचा डबा मात्र टिकून राहिला आणि त्याचे वाटप सभेच्या आधी करावे की नंतर, हा आजही आयोजकांचा जिव्हाळ्याचा प्रश्न आहे: आधी दिल्यास सभागृह लवकर रिकामे होते, नंतर दिल्यास दारावर रेटारेटी होते.

प्रश्नोत्तरे

लहान भागधारकाच्या मताने ठरावाचा निकाल क्वचितच बदलतो, कारण प्रवर्तक व संस्थात्मक गुंतवणूकदार यांच्याकडेच बहुतांश मते असतात. त्याच्यासाठी सभेचे मोल आहे ते अध्यक्षांना, सर्वांसमोर, थेट प्रश्न विचारण्यात. म्हणून सभा यशस्वी झाली की नाही, हे मुख्यतः प्रश्नोत्तरांवरून जोखले पाहिजे. त्यासाठी सभागृहात ध्वनिक्षेपक घेऊन फिरणारे सहायक, बोलणाऱ्यांची क्रमवार यादी ठेवणारा एक अधिकारी आणि व्यासपीठामागे आकडे शोधून अध्यक्षांपर्यंत चिठ्ठी पोहोचवणारा वित्त, उत्पादन व विधी विभागांतील माणसांचा गट अशी रचना केली जाते. लेखापरीक्षकाने स्वतः किंवा पात्र प्रतिनिधीमार्फत हजर राहणे कायद्यानेच आवश्यक आहे. हिशेबाविषयीचा प्रश्न त्याच्याकडे वळवता येतो.

मुंबईतील सभांत एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीच्या सभेला जाणारे, अहवालाच्या कागदापासून डब्यातील समोशापर्यंत सर्वांवर बोलणारे नित्याचे वक्ते आढळतात. त्यांच्या लांबलेल्या स्तुतिपर भाषणांमुळे घसारा किंवा संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांविषयी नेमका प्रश्न आणलेल्या सदस्याची वेळ निघून जाते. प्रत्येकाला ठरावीक मिनिटे देणे आणि ती मर्यादा प्रशंसकालाही तितक्याच काटेकोरपणे लावणे, हे अध्यक्षांच्या हाती असते.

दृक्‌श्राव्य सभा

कोविड-१९ च्या साथीमुळे ५ मे २०२० च्या परिपत्रकाने केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून वार्षिक सभा घेण्यास परवानगी दिली व ती पुढे वेळोवेळी वाढवली. रिलायन्सने जुलै २०२० मध्ये आपली पहिली अशी सभा घेतली. मोठ्या कंपन्यांना किमान १,००० सदस्यांना ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर सामावून घेणारी यंत्रणा ठेवावी लागते. २ टक्के किंवा अधिक भाग धारण करणारे सदस्य, संस्थात्मक गुंतवणूकदार, संचालक व लेखापरीक्षक यांना ही मर्यादा लागू नसते. सभेत प्रवेशाची सोय नियोजित वेळेच्या किमान १५ मिनिटे आधी सुरू करून वेळेनंतर १५ मिनिटे खुली ठेवणे आवश्यक असते. सदस्य घरूनच येऊ शकत असल्याने प्रॉक्सी नेमण्याची सोय दिली जात नाही.

सभागृह, डबे व रांगा गेल्या. त्यांच्या जागी तंत्रज्ञ, वक्त्यांना क्रमाने जोडणारा समन्वयक आणि लॉगिन न जमणाऱ्यांसाठी दूरध्वनी मदतकक्ष आला. सांगली किंवा नांदेडच्या भागधारकाला मुंबईचा प्रवास न करता सभा पाहता येऊ लागली, हा मोठा लाभ होय. परंतु बोलण्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते आणि यादी कंपनीकडे असते; शेजारच्याचे ऐकून उत्स्फूर्तपणे उठण्याची, अध्यक्षांना उत्तर पुरे करण्यास भाग पाडण्याची शक्यता कमी झाली. सार्वजनिक कंपनीने सभेचा मुद्रित वृत्तांत संकेतस्थळावर ठेवण्याची अट आहे, त्यामुळे निदान काय विचारले गेले व काय टाळले गेले हे नंतर तपासता येते.

सभेनंतरची कामे

नोंदणीकृत कंपनीने मतदानाचा निकाल दोन कामकाजाच्या दिवसांत शेअर बाजाराला कळवावा लागतो. सभेचे इतिवृत्त ३० दिवसांत इतिवृत्त-पुस्तकात नोंदवले जाते, घोषित लाभांश ३० दिवसांत द्यावा लागतो आणि सभेचा अहवाल व वार्षिक हिशेब ३० दिवसांत, तर वार्षिक विवरण ६० दिवसांत निबंधकाकडे दाखल होते. सभागृहातील खुर्च्या उचलल्या गेल्या तरी सचिवाचा विभाग या कामांतून दोन महिने मोकळा होत नाही.

सहकारी संस्थांतील सभा

महाराष्ट्रात ‘वार्षिक सर्वसाधारण सभा’ हे शब्द कंपन्यांपेक्षा साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ व गृहनिर्माण संस्थांच्या संदर्भात अधिक ऐकू येतात. या सभा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली होतात व कलम ७५ नुसार त्या ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. कंपनीत मत भागसंख्येप्रमाणे मोजले जाते, तर सहकारी संस्थेत एका सदस्याला एकच मत असते. त्यामुळे तेथे उपस्थितीलाच अधिक वजन येते आणि नोंदणीकक्षावरील ताणही त्या प्रमाणात वाढतो.