पद्मिनीचा वियोग

कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रीमियर पद्मिनी निघणें २००१ सालीं बंद झालें. तरी ती पुन्हां निघावी असें म्हणणारे रसिक अद्याप भेटतात. वस्तुतः चितोडच्या राणीचें नांव ल्यालेली ही गाडी मूळची इटलीची फियाट. वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीनें ती १९६४ पासून ‘११०० डिलाइट’ म्हणून येथें बांधली. ‘पद्मिनी’ हें बारसें १९७४ मधलें. १०८९ सी.सी.चें इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडलेला गिअर, पुढें बांकासारखी अखंड बैठक. अखेरपर्यंत फारसा पालट नाहीं. परवान्यांच्या त्या काळांत गिऱ्हाइकाला निवड ती कोठली? वर्षानुवर्षें नंबर लावून बसावें लागे. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती आली, आणि पुढें पद्मिनीच गिऱ्हाइकाची वाट पाहूं लागली.

तेव्हां ती इतकीं वर्षें चालली ती आमच्या नाइलाजामुळें, हें रसिकांनीं आधीं कबूल करावें. एक गुण मात्र खरा: कोपऱ्यावरचा मिस्त्री पाना-पक्कड घेऊन तिला पुन्हां चालती करी. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनीं तिला सोडलें नाहीं, तें माझ्या मतें यासाठींच. तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि वीस वर्षांची वयोमर्यादा भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली.