वस्तीतला ऑर्गन

ऑर्गन म्हटलं की आपल्या रत्नागिरीत संगीत नाटक आठवतं. कृष्णवर्णीयांचा ऑर्गन आपल्याला कुणी ऐकवलाच नाही.

हॅमंडचा विजेवरचा ऑर्गन अमेरिकेत 1935 मध्ये आला. पाइप ऑर्गन न परवडणाऱ्या कृष्णवर्णीय चर्चनी तो घेतला आणि पुढे तो त्यांच्या वस्तीतल्या क्लबांत पोचला. वादक स्वतःच खर्ज वाजवायचा, म्हणून बासवाला वेगळा लागत नसे. ऑर्गन, टेनर सॅक्सोफोन आणि ड्रम, एवढ्यावर मैफल उभी राही. लहान क्लबला परवडणारं हे गणित होतं! 1958 मध्ये शर्ली स्कॉट (हो, ऑर्गनवर बाई!) एडी 'लॉकजॉ' डेव्हिसच्या सॅक्सोफोनसोबत वाजवत होती. 1960 मध्ये जिमी स्मिथ आणि स्टॅन्ली टरेंटाइन यांनी 'बॅक ॲट द चिकन शॅक' ध्वनिमुद्रित केलं. याच टरेंटाइनशी पुढे शर्लीने लग्न केलं आणि दोघांनी मिळून रेकॉर्डही केल्या.

अशा संगीताला बाजारू म्हणणारे तिथेही होते. आपल्याकडे 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीवरच बंदी घातली, ती 1971 पर्यंत. कारण काय, तर रागाची शुद्धता! ती ठरवणारे कोण होते, हे आम्ही विचारणारच. कारण त्याच काळात आमचे जलसेवाले आणि भीमगीतांचे गायक तीच पेटी घेऊन बाबासाहेबांचा विचार वस्तीवस्तीत पोचवत होते.