निगेटिव्हमधले नाट्यगृह

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेले हे पॅलेस थिएटर १९१५ मध्ये खुले झाले. १९५७ मध्ये त्याला केशवरावांचे नाव मिळाले. शेजारीच कुस्तीचे खासबाग मैदान. नाटक आणि कुस्ती, दोन्हींना राजाश्रय एकाच आवारात!

आगीनंतर माझ्या जुन्या निगेटिव्हच्या डब्यात एक विसरलेली फ्रेम सापडली. रोल संपवण्यासाठी टिपलेला रिकामा रंगमंच, वरचे छत, विंगेतले दोर. जळालेली वास्तू पुन्हा उभारताना नकाशातून मापे मिळतात. तिचे रूप मात्र अशा फोटोंतूनच कळते. मंडळी, घरातले जुने रोल रद्दीत टाकण्यापूर्वी एकदा उजेडासमोर धरून पाहा.