मत्स्यपेशी विषचाचणी

मत्स्यपेशी विषचाचणी : पाण्यातील रसायनांचा तीव्र विषारी परिणाम जिवंत माशांऐवजी त्यांच्या कल्ल्यांच्या पेशींवर पाहण्याची पद्धत. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात नील्स बोल्स यांच्या प्रयोगशाळेत रेनबो ट्राउट माशाच्या कल्ल्यांपासून ‘आरटीगिल-डब्ल्यू१’ हा पेशीवंश तयार झाला. स्वित्झर्लंडच्या ‘ईवाग’ या जलसंशोधन संस्थेतील क्रिस्टिन शिर्मर व सहकाऱ्यांनी त्यावर प्रमाणित चाचणी विकसित केली; आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने (ओईसीडी) ती २०२१ मध्ये मार्गदर्शिका क्र. २४९ म्हणून स्वीकारली. पेशी २४ तास रसायनात ठेवून चयापचय, पेशीपटल व लयनकाय (लायसोसोम) यांची हानी तीन रंजकद्रव्यांनी मोजतात. जुन्या पद्धतीत ९६ तासांत निम्मे मासे मारणारी संहती ठरवतात.

भारतात पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण निकषानुसार सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९०% मासे जिवंत राहिले पाहिजेत. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक क्षेत्राचे प्रक्रिया केलेले सांडपाणी दाभोळ खाडीत जाते. अशा ठिकाणच्या वारंवार तपासणीस पेशींवरील ही पद्धत उपयोगी पडू शकते. मात्र मज्जासंस्थेवर परिणाम करणाऱ्या कीटकनाशकांची विषारिता तीत कमी दिसते. शिवाय ट्राउट थंड पाण्यातील मासा असल्याने कोकणातील खाड्यांसाठी स्थानिक माशांच्या पेशींवर पडताळणी आवश्यक आहे.