वाचकांच्या यात्रेची कुळकथा

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस म्हसवडात सिद्धनाथ-जोगेश्वरीचा रथ निघतो, तेव्हा गुलालखोबऱ्याच्या उधळणीत आणि ‘चांगभलं’च्या गजरात सारा माणदेश लोटलेला दिसत असला, तरी त्या लोटास यात्रेचे रूप येते ते निव्वळ संख्येने नव्हे, परस्परांस ओळखणारी गावे, ठरलेले मानकरी आणि मानपानाची पिढीजात वहिवाट यांच्या योगाने येते. मुंबई-पुण्यात हल्ली भरणाऱ्या ‘कॉमिक कॉन’ नामक चित्रकथाभक्तांच्या मेळाव्याकडे याच दृष्टीने पाहावे, असे मला वाटते. प्रथमदर्शनी तो केवळ सोंगांचा बाजार भासतो. परंतु त्याचे कुळ शोधू गेल्यास ते सोंगात न सापडता टपालात सापडते.

1926 साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक काढले आणि त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पत्त्यांसह छापण्याचा प्रघात पाडला. संपादकास लिहिलेले पत्र वाचून कोण्या दूरच्या गावचा समानधर्मी थेट पत्रलेखकासच लिहू लागला, आणि संपादकाच्या दफ्तरास वळसा घालून वाचकावाचकांत एक स्वतंत्र व्यवहार सुरू झाला. त्यातून हौशी नियतकालिके निघाली. 1932 च्या ‘द टाइम ट्रॅव्हलर’ या अशाच एका पत्राच्या चालकांत ज्युलियस श्वार्ट्झ नावाचा तरुण होता. त्याचे नाव वाचकाने ध्यानात ठेवावे.

पत्रांतून जुळलेली ही मंडळी 2 ते 4 जुलै 1939 रोजी न्यूयॉर्कमध्ये पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनासाठी एकत्र आली. संख्या सुमारे दोनशे. पण मानपानाचा तंटा मात्र एखाद्या पुरातन देवस्थानास शोभेल असा! प्रतिपक्षाच्या सहा जणांना चालकांनी दारातच अडवले, आणि त्या सहांत फ्रेडरिक पोल व डोनाल्ड वॉलहाइम यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले लेखक होते. संघ जन्मास येण्यापूर्वीच तट पडावेत, हा प्रकार आम्हां मराठी संमेलनप्रेमींस मुळीच अपरिचित वाटू नये. याच संमेलनात लॉस एंजेलिसहून आलेला फॉरेस्ट अॅकरमन भविष्यकालीन माणसाचा पोशाख करून वावरला. सोबत तशाच वेशात मर्टल डग्लस, म्हणजे मित्रमंडळातली मोरोजो, होती. ‘थिंग्ज टू कम’ या 1936 च्या चित्रपटावरून ते पोशाख बेतले व शिवले तिनेच. कीर्तीचा मोठा वाटा मात्र अनेक वर्षे अॅकरमनच्या पदरी पडत राहिला. वेशांतराची पुढची सारी परंपरा या जोडीपासून मोजतात.

चित्रकथांच्या मुलखात ही वहिवाट आणली ती उपर्युक्त श्वार्ट्झने. तो आता डीसी या प्रकाशनसंस्थेत संपादक होता, आणि 1961 मध्ये त्याने वाचकांच्या पत्रांखाली पूर्ण पत्ते छापावयास आरंभ केला. त्याच वर्षी जेरी बेल्स यांचे ‘ऑल्टर-इगो’ हे हौशी पत्र निघाले. 27 जुलै 1964 रोजी न्यूयॉर्कला चित्रकथावाचकांचे छोटेखानी संमेलन भरले. आणि 1970 च्या ऑगस्टात सॅन डिएगोच्या एका हॉटेलात तीनशेच्या आसपास लोकांनिशी भरलेली सभा कालांतराने लाखाच्या घरात गेली.

नेमक्या 1964 च्या मार्चमध्ये मुंबईत ‘टाइम्स’ने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ली फॉक यांचा फँटम ‘वेताळ’ होऊन मराठी घरांत आला. तीन वर्षांनी अनंत पै यांची ‘अमर चित्रकथा’ निघाली. वाचकांची वाण नव्हती. मग मेळावा का भरला नाही? माझ्या मते कारण असे की, एकच अंक शेजारी, भाडोत्री वाचनालय, रद्दीवाला अशा दहा हातांतून फिरे, आणि उसन्या अंकाच्या वाचकाचा पत्ता कोणाच्याच दप्तरी लागत नसे. शिवाय संमेलनाची आमची सनदच निराळी. 1878 साली न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांनी पुण्यास बोलावले ते ग्रंथकारांना. वाचकाने मांडवात बसून ऐकावे, ही रीत तेव्हापासून रूढ झाली. वेश पालटणारे बहुरूपी गावोगाव होतेच. पण बहुरूप्याचे सोंग हे उपजीविकेचे साधन, प्रेक्षकाकडून बिदागी घेण्यासाठी घेतलेले, आपल्यासारख्याच दुसऱ्या वेडपीरास ओळख पटावी म्हणून नव्हे.

इंद्रजाल 1990 मध्ये बंद पडले. त्यानंतर तब्बल दोन दशकांनी, फेब्रुवारी 2011 मध्ये, जतीन वर्मा यांच्या पुढाकाराने दिल्ली हाटात भारतातील पहिले कॉमिक कॉन भरले आणि मग मुंबई-पुण्यास आले. अमेरिकेत ओळखी आधी झाल्या व सभागृह मागाहून भाड्याने घेतले गेले. येथे मांडव आधी पडला, तिकिटे विकली गेली आणि ओळखी मांडवात झाल्या. हा उलटा क्रम काहींस व्यापारी वाटतो, आणि दुकानांची गर्दी पाहता तो आक्षेप सर्वस्वी खोटाही नाही. पण त्या गर्दीतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते: विकत आणलेला झगा घालून मिरवणाऱ्यापेक्षा, फोमच्या पत्र्याचे चिलखत रात्री जागून स्वतः कापणाऱ्याभोवती लोक अधिक वेळ थांबतात, आणि त्याला पहिला प्रश्न विचारतात तो शिवण कशी घातली हा. मोरोजोची वहिवाट तेवढी अद्याप बिनतक्रार चालू आहे.