चहावरचा खारट फेस: चीज टीची पूर्वपीठिका

१/ थंड चहाचा पारदर्शक पेला. त्यावर बोटभर जाडीचा पांढरा, किंचित खारट फेस. हा ‘चीज टी’. नाव ऐकताच अनेकांची प्रतिक्रिया एकच: ‘चहाचा हा अपमान!’ परंतु चहाच्या इतिहासात मीठ आणि फेस खरोखरच उपरे आहेत का? आजचा धागा याविषयी. 🧵

२/ प्रथम पेयाविषयी. यातले चीज म्हणजे किसून घालायचा पिवळा ठोकळा नव्हे. मऊ क्रीम चीज, दूध, साय आणि चिमूटभर मीठ एकत्र घुसळून हा फेस करतात. मिठामुळे चहाचा कडवटपणा जिभेला कमी जाणवतो. स्ट्रॉ न वापरता पेला तिरका धरून पितात, म्हणजे फेस आणि चहा एकाच घोटात येतात.

३/ २०१० च्या सुमारास तैवानच्या रात्रबाजारांत हे पेय दिसू लागले. तेव्हा त्यात चीजची भुकटी वापरत. ज्या तैवानने १९८० च्या दशकात बबल टी जगाला दिला, तिथलाच हा पुढचा प्रयोग.

४/ २०१२ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील जियांगमन शहरात न्ये युन्चन या विशीतल्या तरुणाने चहाचे छोटे दुकान थाटले. त्याने भुकटीऐवजी खरे क्रीम चीज वापरले. दुकानाच्या नावाचा अर्थ ‘शाही चहा’. त्या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी होईना, आणि नकली दुकाने मात्र वाढत गेली. अखेर २०१६ मध्ये नाव बदलून ‘हेटी’ झाले. पुढल्याच वर्षी शांघायमध्ये त्याच्या दुकानापुढे तासन्‌तास रांगा लागल्या.

५/ आता बाराशे वर्षे मागे जाऊ. तांग काळात, आठव्या शतकात, लू यू याने ‘चाचिंग’ हा चहावरचा ग्रंथ रचला. कांदा, आले, पुदिना घालून उकळलेल्या चहाची त्याने गटारात ओतलेल्या पाण्याशी तुलना केली. इतका हा कर्मठ! पण उकळत्या पाण्यात बेताचे मीठ त्याला मान्य होते, आणि चहावरचा फेस तर तो चहाचे सार मानी.

६/ सोंग काळात फेस ही कलाच झाली. चहाची पूड पेल्यात घुसळून पांढराशुभ्र फेस आणत. तो उठून दिसावा म्हणून फूच्येन प्रांतातले काळ्या झिलईचे पेले वापरत. सम्राट ह्वेइत्सुंगने स्वतः चहावर ग्रंथ लिहिला. पुढे ११२७ मध्ये जुर्चेनांनी त्याला कैद करून नेले.

७/ दूध-लोणी आले ते कुरणांच्या प्रदेशांतून. सोंग राज्यकर्ते चहा देऊन तिबेटी घोडे घेत. तिबेटमध्ये त्या चहात लोणी आणि मीठ घुसळले गेले. मंगोलियात दूध आणि मीठ. आपल्या लडाखची गुरगुर चाय याच कुळातली.

८/ म्हणजे चीज टी ही प्राचीन परंपराच म्हणायची का? इथे सावध राहिले पाहिजे. १३९१ मध्ये मिंग सम्राट होंगवूने चहाच्या वड्यांचा नजराणा बंद केला. सुटी पाने गरम पाण्यात घालून पिण्याची रीत प्रबळ झाली आणि घुसळलेला चहा चीनमध्ये मागे पडला; तो टिकला जपानमध्ये. साखळी मध्येच तुटलेली आहे. साम्य म्हणजे वारसा नव्हे.

९/ मग या सगळ्यातून काय हाती लागते? एवढेच की ‘शुद्ध चहा’ नावाची एकच, अढळ गोष्ट कधीच नव्हती. आज ज्या साध्या, कोऱ्या चहाला आपण ‘मूळ’ समजतो, त्याला प्रतिष्ठा मिळाली ती लू यूनंतर सहाशे वर्षांनी.

१०/ आणि एक खंत. शाही चहाच्या नावाचा वाद नोंदला गेला, कारण त्यात व्यापारचिन्ह होते. परंतु रात्रबाजारातल्या ज्या विक्रेत्याने प्रथम चहावर खारट फेस ओतला, त्याचे नाव इतिहासाच्या हाती लागलेले नाही. जेमतेम दीड दशकापूर्वीची ही गोष्ट. बाराशे वर्षांपूर्वीच्या किती हातांना आपण असेच मुकलो असू?

आपल्या गावातला एखादा पदार्थ प्रथम कोणी केला हे ठाऊक असेल, तर ते आजच लिहून ठेवा. धागा समाप्त. 🙏